बादलीभर पाणी आणि साठ मोळ्या

पाणी तापवणे ही काय भाषण करून सांगायची गोष्ट आहे, असे कोणीही विचारील. चूल पेटवावी, पाणतपेले चढवावे, लाकडे पुढे सारीत बसावे आणि बोट बुडवून चटका बसला की पाणी तापले म्हणावे. आपल्या आज्या-पणज्यांनी याहून निराळा हिशोब कधी केला नाही आणि त्यांचे काही अडलेही नाही.

पण मंडळी, “एक बादली पाणी तापवायला सरपण नेमके किती लागते?” असा प्रश्न केला, तर आपण काय सांगू? कोणी म्हणेल दोन लाकडे, कोणी म्हणेल चार गोवऱ्या, कोणी म्हणेल ते चुलीवर आहे. यातले एकही उत्तर खोटे नाही, पण एकही उत्तर नेमके नाही. या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर माणसाला देता येऊ लागले, त्याला अजून तीनशे वर्षेही झालेली नाहीत. ते उत्तर कोणी शोधले, कोणाच्या फायद्यासाठी वापरले गेले आणि ज्या घरात त्याची सर्वांत जास्त गरज होती तिथे ते पोचायला इतका उशीर का झाला, हा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

हिशोब करायचा तर आधी माप पाहिजे. दाणे मोजायला पायली होती, कापड मोजायला गज होता, पण ऊब मोजायला काही नव्हते. १७१४ साली फॅरनहाइट या कारागिराने पाऱ्याचा चांगला तापमापक तयार केला. १७४२ साली स्वीडनच्या सेल्सियसने पाणी गोठते आणि पाणी उकळते या दोन खुणांमध्ये शंभर घरे पाडली. आपल्या शाळांतून वापरतात ते अंश त्याच्याच नावाचे. आता पाणी किती गरम आहे, हे आकड्यात सांगता येऊ लागले.

एवढ्यावर काम भागले असे पुष्कळांना वाटले. पण ‘किती गरम’ आणि ‘किती उष्णता’ या दोन गोष्टी एक नव्हेत. घरचेच उदाहरण घ्या. एक कपभर उकळता चहा आहे आणि शेजारी घंगाळभर कोमट पाणी आहे. जास्त गरम कोण? अर्थात चहा. पण जास्त लाकडे कोणाला लागली? घंगाळाला! म्हणजे तापमापक जे सांगतो ते सरपणाचे माप नव्हे. ही गोष्ट आज आपल्याला उघड वाटते, पण ती स्पष्ट शब्दांत मांडायला एक नामांकित अध्यापक व्हावा लागला.

त्याचे नाव जोसेफ ब्लॅक. जन्म १७२८ चा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात तो रसायनशास्त्र शिकवीत असे. पुस्तके लिहिण्याची त्याला हौस नव्हती. त्याची व्याख्यानेसुद्धा त्याच्या मृत्यूनंतर, १८०३ साली, छापून निघाली. पण वर्गात तो साधी भांडी आणि साधी शेगडी घेऊन जे दाखवी, ते पाहून विद्यार्थ्यांचे डोळे उघडत. त्याने पहिली गोष्ट दाखवली ती अशी, की निरनिराळ्या वस्तूंना सारखेच तापवायचे, तर त्यांना सारखीच उष्णता पुरत नाही. वजनाला वजन घेतले, तर तेलाला पाण्याच्या जवळजवळ निम्मी उष्णता पुरते. लोखंडाला तर नवव्या हिश्शाच्या आसपास. तवा चटकन तापतो, फोडणीचे तेल त्या मानाने लवकर तापते, पण पाणी रेंगाळते, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पाणी हा मोठा हट्टी पदार्थ आहे. तो सावकाश तापतो आणि निवतोही सावकाश.

ब्लॅकने दाखवलेली दुसरी गोष्ट याहून नवलाची. १७६२ साली त्याने पत्र्याच्या पसरट भांड्यात थोडे थंड पाणी घेतले आणि रसरशीत तापलेल्या लोखंडी शेगडीवर ठेवले. चार मिनिटांत पाणी उकळू लागले. आता ते सगळे आटायला किती वेळ लागावा? आणखी मिनिट-दोन मिनिटे, असे त्या काळचे विद्वानही म्हणाले असते, कारण पाणी उकळीला आले की आता त्याला थोडीशीच उष्णता कमी आहे, असा समज होता. प्रत्यक्षात ते आटायला आणखी वीस मिनिटे लागली. जाळ तोच, भांडे तेच, आणि पाण्याचे तापमान मात्र उकळीच्या वर एक अंशही चढले नाही. मग त्या वीस मिनिटांची उष्णता गेली कुठे? ती वाफेत दडून बसली, असे ब्लॅकने सांगितले. तिला आपण गुप्त उष्णता किंवा सुप्त उष्णता म्हणतो.

हा आकडा आज आपल्याला पुष्कळ अचूक ठाऊक आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणू. हे माप १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये निकोला क्लेमां आपल्या व्याख्यानांतून वापरीत असे. या मापाने एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी पुरतात. पण तेच उकळते पाणी सगळे वाफ करून उडवायचे, तर आणखी ५४० लागतात. म्हणजे सातपट!

यात स्वयंपाकघराला मोठा धडा आहे. आमटी एकदा उकळली की खाली कितीही जाळ घाला, ती अधिक गरम होत नाही. तिच्यातले पाणी तेवढे लवकर उडते. डाळ शिजते ती उकळीच्या तापमानाने, भडकलेल्या जाळाने नव्हे. उकळी फुटली की लाकूड मागे ओढावे आणि वर झाकण ठेवावे. जुन्या बायका हे करीत आल्या. ब्लॅकने त्याचे कारण सांगितले.

आणि गुऱ्हाळाकडे पाहा. शंभर किलो उसाच्या रसाचा गूळ करायचा, तर सुमारे ऐंशी किलो पाणी उडवावे लागते. रस उकळीला आणायला सात-साडेसात हजार किलोकॅलरी लागतील, पण ते पाणी उडवायला त्रेचाळीस हजारांच्या वर. म्हणजे काहिलीखालच्या जाळातून रसापर्यंत जी उष्णता पोचते, तिचे सातातले सहा वाटे नुसत्या वाफेबरोबर आभाळात जातात. गुऱ्हाळाला चिपाडांचे एवढे ढीग का लागतात, याचे उत्तर ब्लॅकच्या त्या चार आणि वीस मिनिटांत आहे.

आता या विद्येचा पैसा कोणी केला, ते पाहू. त्याच ग्लासगो विद्यापीठात जेम्स वॅट नावाचा एक उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीला आली. ही इंजिने १७१२ पासून खाणीतले पाणी उपसायला वापरात होती, पण कोळसा फार खात. वॅटला असे आढळले, की थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सहापट पाणी उकळीला आणू शकते. हे कसे, म्हणून त्याने ब्लॅकला विचारले, तेव्हा ब्लॅकने त्याला गुप्त उष्णतेची गोष्ट सांगितली. न्यूकोमेनच्या इंजिनात दर फेरीला तापलेले नळकांडे थंड पाणी मारून निववावे लागे आणि पुन्हा वाफेने तापवावे लागे. सगळा कोळसा या तापवण्या-निववण्यात जाई. वॅटने १७६५ साली वाफ निववण्यासाठी वेगळे पात्र जोडण्याची युक्ती काढली आणि १७६९ साली तिचे पेटंट घेतले.

पुढची गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा तांब्या-कथलाच्या खाणींचा मुलूख आहे. तिथे दगडी कोळसा मिळत नाही. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे, म्हणून महाग पडे. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी खाणवाल्यांना सांगितले, जुन्या इंजिनाला जेवढा कोळसा लागला असता आणि आमच्या इंजिनाला जेवढा लागतो, त्यांतला फरक काढा. त्या बचतीचा एक तृतीयांश पैसा आम्हाला द्या. म्हणजे त्यांनी विकली ती कोळशाची बचत! पण बचत विकायची तर ती मोजावी लागते. म्हणून एक बुशेल कोळशात किती पाणी किती उंच उचलले, याचा रीतसर हिशोब तिथे ठेवला जाऊ लागला.

१८०० साली वॅटच्या पेटंटची मुदत संपली. पुढे १८११ पासून कॉर्नवॉलमध्ये जोएल लीन या खाणीच्या जाणकाराने एक मासिक पत्रक काढायला सुरुवात केली. कोणत्या खाणीवरच्या कोणत्या इंजिनाने बुशेलभर कोळशात किती काम केले, ते त्यात नावानिशी छापून येई. कोणाचे इंजिन किती खादाड आहे, हे साऱ्या मुलुखाला कळू लागले. मग काय विचारता! प्रत्येक इंजिनवाला आपला आकडा सुधारण्याच्या मागे लागला. कोणी बॉयलरला जाड लेपण केले, कोणी वाफेचा दाब वाढवला, कोणी गळती बंद केली. पहिल्या वर्षांत बुशेलभर कोळशाने सरासरी दोन कोटी पौंड पाणीसुद्धा एक फूट उचलले जात नव्हते. तीस वर्षांत ही सरासरी तिपटीच्या घरात गेली. १८३५ साली फोई कॉन्सोल्स नावाच्या खाणीवरच्या एका इंजिनाने चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला. कोळसा तोच, पाणी तेच. बदल झाला तो मोजण्यामुळे, आणि मोजलेले चारचौघांत मांडण्यामुळे.

खाणींचे झाले. पण चुलीचे काय? चुलीकडे त्या काळी गंभीरपणे पाहणारा एक माणूस होऊन गेला. त्याचे मूळ नाव बेंजामिन थॉम्सन, जगाला ठाऊक आहे तो काउंट रमफर्ड म्हणून. १७५३ साली अमेरिकेत जन्मलेला हा गृहस्थ पुढे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात मोठ्या हुद्द्यावर चढला. १७९० सालच्या पहिल्या दिवशी त्याने म्यूनिक शहरातले भिकारी एकत्र करून त्यांना कामाच्या घरात नेले. तिथे शेकडो माणसांना रोज जेवू घालायचे, आणि सरपणाचे बिल सरकारी तिजोरीतून द्यायचे! रमफर्डने लाकडे तोलायला सुरुवात केली. उघड्या शेगडीवर स्वयंपाक करताना आठातली सात हिस्से उष्णता धुराबरोबर वर निघून जाते, असे त्याचे मत झाले. मग त्याने विटांच्या बंदिस्त चुली बांधल्या. जाळ भांड्याच्या बुडाशी आणि अंगाशी खेळवला, खालून हवा यायला जाळी दिली, येणारी हवा कमी-जास्त करायला झडप बसवली, भांड्यांवर घट्ट झाकणे घातली. आज सुधारलेली चूल म्हणून आपल्याला जी सांगतात, तिची जवळजवळ सगळी सूत्रे त्यात आहेत.

याच रमफर्डने तोफ पोखरण्याचा आपला प्रसिद्ध प्रयोग १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. घोड्यांच्या बळाने बोथट गिरमिट फिरवून तोफेचे धातू घासले आणि भोवतीच्या पेटीत साडेआठ किलोच्या आसपास पाणी ठेवले. अडीच तासांनी ते पाणी विस्तवावाचून उकळले. पाहणारे थक्क झाले. उष्णता हा काही पदार्थ नसून ती हालचालीतून निपजते, असे अनुमान त्याने काढले. पुढे १८४० च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स जूलने किती श्रमातून किती उष्णता निघते, याचा आकडाच काढून दिला. पण रमफर्डचा व्यवहारी स्वभाव पाहा. याच निबंधात त्याने सांगून ठेवले, की अशा रीतीने अन्न शिजवण्यात काही नफा नाही. घोड्यांना घातलेला चारा सरळ जाळला असता, तर याहून जास्त उष्णता मिळाली असती! आणि खरेच आहे. नुसत्या त्या पाण्याचा हिशोब केला, तर ते उकळायला सातशे किलोकॅलरींच्या थोडे वर लागतात. ती उष्णता दोनशे ग्रॅम वाळलेल्या लाकडात असते.

दोनशे ग्रॅम! इथे आपण थबकलो पाहिजे. आता आपल्या बादलीचाच हिशोब करू. पाटी-पेन्सिल घेतली तर बरे.

न्हाणीतली एक बादली पंधरा लिटरची धरा. थंडीच्या दिवसांत विहिरीचे पाणी घरात येऊन वीस अंशांवर आहे आणि अंगावर घ्यायला पंचेचाळीस अंशांचे हवे. म्हणजे पंचवीस अंश चढवायचे. पंधरा गुणिले पंचवीस, झाले ३७५ किलोकॅलरी. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ३,६०० किलोकॅलरी निघतात. ३७५ ला ३,६०० ने भागा. उत्तर येते किलोचा दहावा हिस्सा, म्हणजे शंभर ग्रॅमच्या किंचित वर. एका माणसाच्या आंघोळीला निसर्गाच्या नियमाप्रमाणे मूठभर काटक्या पुरेत! विजेच्या भाषेत म्हणाल, तर एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे या बादलीला अर्ध्या युनिटाहूनही कमी.

कोणी म्हणेल, आम्ही कुठे पंचेचाळीस अंशांचे पाणी तापवतो? आम्ही कढत पाणी काढतो आणि त्यात विसण घालतो. ठीक आहे, तसा हिशोब करू. पाच लिटर पाणी वीसवरून पंचाण्णव अंशांपर्यंत तापवा. पाच गुणिले पंच्याहत्तर, पुन्हा ३७५. त्यात वीस अंशांचे दहा लिटर विसण घाला, बरोबर पंधरा लिटर पाणी पंचेचाळीस अंशांवर येते. गरम आणि थंड पाणी मिसळून तापमान पाहायचे, हेच तर ब्लॅकच्या काळचे शास्त्रज्ञ करीत होते. आपल्या घरी तो प्रयोग रोज सकाळी होतो. फरक एवढाच, की कढत भांड्यातून उष्णता जास्त वेगाने निसटते, म्हणून थोडे सरपण जास्त जाते.

मग आपल्या घरी शंभर ग्रॅम लाकडात बादली का तापत नाही? कारण तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाच्या शंभर हिश्शांपैकी दहा ते पंधरा हिस्सेच पाण्यापर्यंत पोचतात. बाकीचे कुठे जातात? काही दगड आणि जमीन तापवण्यात, काही वाऱ्याबरोबर, काही भांड्याच्या बाजूने निसटणाऱ्या जाळात. काही तर जळतच नाहीत, धूर होऊन जातात. धूर म्हणजे न जळलेले सरपण, हे पक्के लक्षात ठेवा. डोळ्यांत जाते आणि छातीत बसते, ते आपण डोक्यावर वाहून आणलेले लाकूडच असते!

लाकूड ओले असेल तर विचारूच नका. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा एक किलो लाकडात खरे लाकूड अर्धा किलोच. शिवाय उरलेले अर्धा किलो पाणी उडवायला तीनशेच्या वर किलोकॅलरी खर्च होतात. ब्लॅकची गुप्त उष्णता इथेही आपला कर घेतेच. सगळी वजाबाकी करून वाळलेल्या लाकडाच्या निम्मी उष्णता हाती लागते, आणि धूर मात्र दुप्पट. पावसाळ्याआधी सरपण वाळवून आडोशाला रचून ठेवण्याची आपली रीत म्हणजे फुकट मिळणारी उष्णताच आहे.

आमच्या जुन्या लोकांना हे काहीच कळत नव्हते, असे कोणी समजू नये. चुलीच्या शेजारी वैल ठेवण्याची पद्धत पाहा. मुख्य तोंडावरून पुढे जाणारा जाळ वाया जाऊ नये म्हणून दुसरे तोंड काढले, त्यावर आमटी रटरटत राहते किंवा पाणी कोमट होते. आणि तांब्याचा बंब घ्या. मधे जाळाची नळी, भोवती पाणी. उष्णतेला पाण्याखेरीज जायला वाटच थोडी. आगगाडीच्या बॉयलरमध्येही हेच तत्त्व होते; तिथे आगीच्या नळ्या पुष्कळ होत्या, बंबात एक आहे इतकेच. बंबात निम्म्या लाकडात पाणी तापते, हे घरोघरी माहीत होते. पण बंबाला तांबे लागते आणि तांब्याला पैसा लागतो. ज्यांच्याकडे तीन दगडच होते, त्यांच्या वाट्याला ते शहाणपण आले नाही.

इथे या इतिहासातला खरा प्रश्न उभा राहतो. इंजिनाचा खादाडपणा शे-दीडशे वर्षांत किती कमी झाला ते आपण पाहिले. मग गरिबाच्या चुलीचा का नाही? विद्या तीच होती, आकडे तेच होते. माझ्या मते कारण एकच. कॉर्नवॉलच्या खाणवाल्याला कोळशाला रोकड मोजावी लागे. रमफर्डच्या भटारखान्यात सरपणाचे बिल होते. आपल्या घरच्या सरपणाला मात्र पावती नव्हती. मोळी बाईच्या डोक्यावरून आली म्हणजे ती फुकट आली, असा सगळ्यांचा समज. तिची पायपीट, तिची मान, तिचा खोकला कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याची बचत कोण करणार?

हा समज मोडण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले, ते आदराने सांगितले पाहिजेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी १९४७ च्या सुमारास मगन चूल तयार केली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची बिनधुराची चूल काढून १९५३ साली तिच्यावर पुस्तिका लिहिली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. त्या मंडळींनी कर्नाटकातल्या पुरा या खेड्यात जाऊन घरोघरचे सरपण आणि ते आणण्यात जाणारे माणसांचे तास मोजले. कॉर्नवॉलचे काम अखेर खेड्यातल्या चुलीपाशी आले! पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली आणि २००२ साली तो कार्यक्रम आटोपता घेण्यात आला.

त्या चुलींचे काय झाले? काही घरांत त्यांनी चांगले काम दिले. पुष्कळ घरांत मात्र मातीला तडे गेले, धुराडे काजळीने बुजले, घरातले भांडे तोंडावर बसेना, आणि बाईने पुन्हा तीन दगड मांडले. चुली किती बसवल्या, हे मोजले गेले. त्या किती पेटल्या आणि किती लाकूड वाचले, हे तितक्या काळजीने मोजले गेले नाही. लीनच्या पत्रकाने जो धडा दिला होता, तोच इथे विसरला गेला.

आज आपल्याकडे २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यापाड्यांत गॅसच्या टाक्या पोचल्या आहेत. ही मोठी गोष्ट आहे. एक किलो गॅसमध्ये सुमारे अकरा हजार किलोकॅलरी असतात आणि गॅसच्या शेगडीवर त्यांतला निम्म्याहून जास्त भाग भांड्याला लागतो. पण टाकी विकत घ्यावी लागते. म्हणून कित्येक घरांत चहा-भाजी गॅसवर होते आणि आंघोळीचे पाणी अजून अंगणातल्या चुलीवर तापते. तेव्हा हा हिशोब जुना झालेला नाही.

तो वर्षाचा करून पाहू. घरात पाच माणसे, रोज पाच बादल्या, पावसाळा-हिवाळ्याचे आठ महिने, म्हणजे २४० दिवस. उघड्या चुलीत शंभरातले दहाच हिस्से पाण्याला मिळाले, तर बादलीला एक किलो, दिवसाला पाच किलो आणि वर्षाला बारा क्विंटल लाकूड लागते. एक मोळी वीस किलोची धरली, तर साठ मोळ्या. निसर्गाच्या नियमाने लागतात फक्त सहा. उरलेल्या चोपन्न मोळ्या घरातल्या बाईने वाऱ्यासाठी, दगडांसाठी आणि धुरासाठी वाहिल्या. सगळ्या चोपन्न वाचणार नाहीत, हे खरे. पण आडोसा केला, लाकूड वाळवले, झाकण ठेवले, भांडे जाळाच्या नेमक्या उंचीवर बसवले आणि दहाचे वीस हिस्से झाले, तर तीस मोळ्या वाचतात. एका मोळीमागे तीन तास धरा. नव्वद तास झाले. तेवढ्यात घरातली मुलगी किती धडे वाचील!

शिक्षक मित्रांनो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रयोग करू द्या. पाच लिटर पाणी मोजून घ्यावे, तापमापकाने त्याचे तापमान पाहावे. वाळलेले लाकूड तोलून घ्यावे. पाणी उकळीला आले की जाळ विझवावा आणि उरलेले लाकूड तोलावे. मागे राहिलेला कोळसाही तोलून, त्याच्या दुप्पट वजनाचे लाकूड वाचले असे धरावे, कारण कोळशात लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता असते. जळलेल्या किलोंना ३,६०० ने गुणले की खर्च कळतो. लिटरांना चढलेल्या अंशांनी गुणले की जमा कळते. जमेला खर्चाने भागा, चुलीचे गुण निघाले. मग एका चुलीला झाकण द्या, दुसरीला आडोसा करा, तिसरीत ओले लाकूड घाला, आणि तिन्हींचे गुण शाळेच्या फळ्यावर लिहा.

मुले घरी जाऊन आपापल्या चुलीचे गुण काढतील. कोणाच्या घरची चूल पहिली आली, याची गावात चर्चा होईल. होऊ द्या. आईने आणलेली मोळी प्रथमच वजनकाट्यावर चढेल आणि तिचा आकडा वहीत उतरेल. एकदा तो आकडा बापाच्या आणि मुलाच्या डोळ्यांपुढे आला, की ती मोळी फुकटची आहे असे त्या घरात पुन्हा कोणी म्हणणार नाही.